तीस अंश शिल्लक

गिलावा हातभर सुटला, आतला पाईप उघडा पडला आणि तो बघताच मिस्त्रीने छिन्नी खाली घेतली. खरं तर पाईप दिसणारच होता. तो बघायलाच जिन्याजवळची भिंत खरवडली होती. पण तो असा समोर येईल, आणि आल्या आल्या आपल्याकडे बघेल, असं त्याला वाटलं नव्हतं. चाळीस वर्षं सिमेंटच्या पोटात पडून राहिलेला पाऊण इंची लोखंडी पाईप वीजपेटीतून सरळ वर आला होता आणि छताशी पोचून आडवा झाला होता. त्या वळणावर तो कुठे चपटा झाला नव्हता की कुठे त्याला सुरकुती नव्हती. झोपेत माणूस कूस बदलतो तसा तो वळला होता. बाकाच्या अलीकडे कानशीने मारलेली एक आडवी रेघ होती, आणि पुढे, जिथे गिलावा अजून शाबूत होता तिथे, अर्धी झाकलेली एक फुली. दुसऱ्या कुणाला ते साधे ओरखडे वाटले असते. मिस्त्रीला ते वाचता येत होते. रेघ म्हणजे काटकोन, फुली म्हणजे तीस अंश. ही भाषा जगात तीनच माणसांना येत होती. त्यातले बाबा केव्हाच गेले होते, एक तो स्वतः होता, आणि तिसरी ताई, जिने ती तयार केली होती.

"काय बाक आहे हो!" खालून इंजिनिअर मॅडम म्हणाल्या. त्या दुहेरी शिडीच्या दुसऱ्या बाजूने वर चढल्या आणि त्यांनी वळणावरून बोट फिरवलं. "असं हाताने वाकवलेलं मी बघितलंच नाहीये. आम्ही तर तयार तुकडे आणून जोडतो. कोणी केलंय हे?"

"कोणी म्हणजे?" सावकाश म्हणाला. सावकाश म्हणजे मिस्त्रीचा जोडीदार. पन्नाशीचा, उंचच उंच, आणि कुठल्याही कामात दर दोन मिनिटांनी 'सावकाश, सावकाश' म्हणायची सवय, म्हणून ते नाव. त्याने शिडी एका हाताने धरली होती आणि दुसऱ्या हाताने तो मिस्त्रीकडे असा दाखवत होता, जसं काही पाहुण्यांना घरचा देवमाणूस दाखवतोय. "हे काय, समोर उभे आहेत. अख्ख्या इमारतीची लाईन आमच्या मिस्त्रींनी टाकलीये. पोरवयात!"

मॅडमनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत इतका साधा, स्वच्छ आदर होता की मिस्त्रीला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याने खिशातून पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं आणि ती परत खिशात ठेवली.

ताई पाईप वाकवायची तेव्हा आधी बराच वेळ काहीच करायची नाही. नुसती उभी राहून भिंतीकडे बघायची. बाबा शिडीवरून पडले आणि त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला त्या वर्षी ती पंचवीस वर्षांची होती. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. आकडे यायचे, मोजपट्टी यायची, पण स्वतःचं नाव तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं. परवाना बाबांचा, ठेका बाबांच्या नावाचा. बाबा एका स्टुलावर बसायचे आणि ती काम करायची. पहिल्या दिवशी गवंडी हसले होते. 'पोरगी लोखंड वाकवणार, मग आम्ही काय, भाकऱ्या थापू?' असं एकजण म्हणाला होता. ताईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तिने पाईप जमिनीवर ठेवला, पाईप वाकवायचा लांब दांड्याचा बेंडर त्याला अडकवला, त्याच्या टाचेवर पाय रोवला, आणि दांडा स्वतःकडे ओढला. जोर हाताचा नाही, पायाचा, हे ती नंतर त्याला शंभरदा सांगायची. हाताने ओढलंस तर पाईप उचलला जातो आणि बसतो तुझ्या तोंडावर. पायाने दाबलंस तर तो जमिनीला धरून वळतो. आणि वळता वळता थांबायचं नाही. थांबलं की तिथे गाठ राहते. डोळ्यांना दिसत नाही, पण वायरला दिसते. त्या दिवशी तो पाईप एका दमात वर उठला आणि काटकोनात उभा राहिला. ताईने त्याला आणखी किंचित दाबलं, कारण लोखंड सोडल्यावर थोडं मागे येतं, आणि मग दांडा सोडला. पाईप मागे आला आणि बरोब्बर काटकोनात थांबला. गवंड्याने ओळंबा लावून बघितला. मग तो आपल्या कामाला गेला. दुपारी तोच ताईसाठी चहा घेऊन आला होता.

"मिस्त्री, ऐकताय ना?" मॅडम विचारत होत्या. "आपल्याकडे वेळ कमी आहे."

वेळ कमी होता हे खरंच होतं. वरच्या मजल्यावर नवजात बाळांची खोली होती. त्या खोलीत बाळांना ऊब देणारे नवे पाळणे आले होते आणि त्यांना जुन्या बारीक वायरवर चालवणं धोक्याचं होतं. जाड वायर घालायची तर दोन वाटा होत्या. एक तर जुन्याच पाईपमधून नवी वायर ओढायची, नाहीतर जिन्यापासून खोलीपर्यंत पस्तीस फूट भिंत फोडून नवा पाईप टाकायचा. त्या भिंतीवरून प्राणवायूची नळी गेलेली होती. भिंत फोडायची म्हणजे नळी बंद, नळी बंद म्हणजे आठ पाळणे दुसऱ्या रुग्णालयात. त्यातली दोन बाळं हलवण्यासारखी नव्हतीच. मोठ्या सिस्टरनी सकाळीच कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं, "तुमचं काय ते वाकडं-सरळ तुमचं तुम्ही बघा. माझ्या एकाही पोराला जिना उतरायला लावलात तर याद राखा." फोडणारी माणसं दुपारी दोनला यायची होती. त्याच्या आत वायर निघाली तर त्यांना परत पाठवायचं, नाही निघाली तर घण चालवायचा, असं ठरलं होतं.

जुन्या वायरी सकाळी ओढून काढल्या होत्या. त्यांचं वेष्टन बिस्किटासारखं झालं होतं. आता पाईपमध्ये फिश घातली होती. फिश म्हणजे पोलादाची लांब लवचीक पट्टी. ती आधी पार करायची, तिच्या टोकाला वायरी बांधायच्या आणि तिच्याबरोबर ओढून घ्यायच्या. बाळांच्या खोलीत पाईप ज्या भिंतीतल्या लोखंडी डब्यात उतरतो, त्या डब्यातून ती आत सारली होती, कारण तिथे उभं राहायला ऐसपैस जागा होती. ती सरसर तीस फूट गेली आणि तिथे कोपऱ्यावर येऊन अडली. मागे घेऊन पुन्हा सारली, पुन्हा तिथेच. सावकाशने तिला फिरवली, थोपटली, शिव्या घातल्या. "मासळी जाळ्यातच बसणार म्हणते," तो म्हणाला होता, आणि कोणी हसलं नव्हतं.

आणि म्हणून मॅडम आता विचारत होत्या, "तुम्हीच वाकवलाय ना पाईप? मग सांगा, त्या कोपऱ्याच्या पुढे आत काय आहे? किती वळणं आहेत? जुन्या कागदावर नुसती सरळ रेघ दाखवलीये."

'तुम्हीच.' हा शब्द तसा एका दिवसात तयार झाला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी तो याच रुग्णालयात नोकरीसाठी आला तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबाने विचारलं होतं, 'या इमारतीची लाईन कोणाची?' आणि तो म्हणाला होता, 'आमची.' त्यात खोटं काही नव्हतं. बाबांचा ठेका, ताईचे हात, त्याची हमाली, सगळं मिळून ते 'आमची' होतं. साहेब खूष झाला होता. मग पहिल्या वर्षी कधीतरी सावकाशने विचारलं आणि 'आम्ही केली' असं उत्तर गेलं. 'आम्ही' हा शब्द मोठा सोयीचा असतो. एकटा माणूसही तोऱ्यात तो वापरतो. ऐकणाऱ्याने त्यातून मिस्त्रीला एकट्याला घेतलं आणि मिस्त्रीने ऐकणाऱ्याला अडवलं नाही. त्यानंतर एके दिवशी, कोणत्या ते त्याला आठवत नव्हतं, तो चक्क 'मी' म्हणाला. आणि आभाळ कोसळलं नाही. पंखे फिरत राहिले. नव्या पोरांना तो ताईची वाक्यं सांगायचा: पाईप कापला की आतली धार कानशीने घासा, बोट घालून बघा, तुमच्या बोटाला लागलं तर वायरलाही लागेल. पाईप निम्म्याहून कमीच भरा, वायरींनाही अंग हलवायला जागा हवी. दोन डब्यांच्या मध्ये चार काटकोनांपेक्षा जास्त वळू नका. चार काटकोन म्हणजे एक फेरा, आणि फेरा पुरा झाला की डबा टाकायचा. पोरं वहीत लिहून घ्यायची. आणि ताई, बाबा गेल्यावर ठेकेदारांनी बाईला दारात उभं केलं नाही म्हणून, तीस वर्षं एका दुकानात मोटारींची गुंडाळी भरत बसली. आता ती त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहत होती. सहासष्ट वर्षांची होती, गुडघ्यांनी गेलेली, पण गल्लीतले जळके पंखे अजून तिच्याकडे यायचे. त्याच्या धाकट्या मुलीने तिला लिहायला शिकवलं होतं, आणि साठीनंतर ती प्रत्येक पंख्याच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहायची, कोणी वाचणार नाही अशा जागी.

तो कोपऱ्याकडे बघत होता आणि आठवत होता. त्याला सगळं आठवत होतं. ताईच्या केसांना बसलेला सिमेंटचा पांढरा थर, बाबांचं स्टूल, बेंडरच्या दांड्याला गुंडाळलेली चिंधी. तो एकोणीस वर्षांचा होता आणि पाईप धरून उभा राहायचा. समोरून धरणाऱ्याने हलायचं नसतं. एका पाईपला दोन बाक द्यायचे असले आणि मध्ये पाईप करंगळीभर जरी फिरला, तरी दुसरा बाक तिरका पडतो आणि अख्खा पाईप भिंतीवर टेकत नाही. ताई अशा पाईपला 'लंगडा' म्हणायची आणि फेकून द्यायची. त्याच्यामुळे कितीतरी लंगडे झाले होते. हे सगळं त्याला आठवत होतं, पण या भिंतीचा पाईप आठवत नव्हता. त्याने डोळे मिटून जिन्यापासून खोलीपर्यंत मनाने चालून बघितलं. जिना आठवला, खोली आठवली, मध्ये काहीच नव्हतं. आणि मग त्याला कळलं की मध्ये काही नाही कारण तो तिथे नव्हताच. ही भिंत झाली त्या तीन दिवसांत तो मित्रांबरोबर परगावी मॅच बघायला पळाला होता. घरी सांगितलं नव्हतं. परत आला तेव्हा भिंतीवर गिलावा चढलेला होता, आणि ताईच्या दोन्ही तळहातांना फोड होते. तिने फक्त त्याला सिमेंटची पाटी उचलायला सांगितली होती.

म्हणजे सबंध इमारतीत ज्या एका भिंतीला त्याचं बोटही लागलं नव्हतं, तीच भिंत आज त्याला उत्तर मागत होती.

ठोकून द्यायचं म्हटलं असतं तर जमलं असतं. चाळीस वर्षांच्या अनुभवावर माणूस कुठल्याही भिंतीच्या आतलं काहीही सांगू शकतो. इथे एक काटकोन असेल, इथे जोड गंजला असेल, फोडावंच लागेल मॅडम. भिंत फुटली की पाईप तुकड्या-तुकड्यांनी बाहेर येईल, भंगारात जाईल, आणि रेघा नि फुल्या वाचायला कुणी उरणार नाही. हा विचार मनात आला, स्पष्ट आला, अक्षर न् अक्षर आला, आणि मिस्त्रीला स्वतःची शिसारी आली. त्याची नजर पुन्हा त्या बाकावर गेली. असा बाक दिलेलं माणूस घरी बसून जळका पंखा भरतंय, आणि आपण इथे उभं राहून त्याच्यावर घण घालायचं ठरवतोय.

"मॅडम," तो म्हणाला. आवाज बसला होता, त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली. "मॅडम, हा मी नाही वाकवलेला."

सावकाशने शिडी सोडली. मग लगेच धरली.

"माझ्या ताईने वाकवलाय. थोरल्या बहिणीने. इथलं सगळं काम तिचं आहे. मी नुसता हाताखाली होतो."

बावीस वर्षांचं ओझं उतरताना काहीतरी मोठा आवाज होईल असं त्याला वाटत आलं होतं. मॅडमनी घड्याळात बघितलं.

"त्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग फोन लावा ना. पावणेबारा झालेत."

एवढंच. त्याने फोन लावला. मॅडमनी खुणेनेच आवाज मोठा करायला सांगितला आणि तो त्याने केला, कारण आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

"डबा विसरलास ना?" ताईचा आवाज आला. "सकाळी ओट्यावर तसाच."

"ताई, ते जाऊ दे. रुग्णालयातला वरचा पाईप. जिन्यापासून बाळांच्या खोलीपर्यंतचा."

"काय झालं त्याला?" तिने असं विचारलं जसं कुणी शाळेतून फोन आल्यावर विचारतं.

"काही नाही झालं. वायर बदलतोय. फिश अडली."

"कुठून घातलीत?"

"खोलीतून."

"खोलीतून?" पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "अरे, कुणाची ही अक्कल?"

"माझीच," मिस्त्री म्हणाला. सावकाशने तोंडावर हात धरला.

"वळणं जवळजवळ सगळी जिन्याकडे आहेत ना रे. खोलीकडून घातलीस तर ती सपाटीवर तीस फूट चालून दमते आणि मग तिला कोपरा दिसतो. कशी वळेल? जिन्याकडून घाल, ताजी असते तेव्हाच वळते. ऐक. पेटीतून सरळ वर. छताशी काटकोन. लगेच तुळई येते, ती चार इंच खाली आहे. तिथे मी काटकोन नाही घातले. तीस अंश खाली, आणि आठ इंचांवर तीस परत सरळ. फुल्या दिसतील बघ. मग कोपरा, काटकोन. मग सगळं सरळ. आणि खोलीत डब्यात उतरताना काटकोन. किती झाले?"

मिस्त्रीला वाटलं, ती सांगून टाकेल. पण ती खरोखर विचारत होती, बेरीज करायला लावत होती, चाळीस वर्षांपूर्वीसारखी.

"तीनशे तीस," मॅडमच म्हणाल्या.

"कोण बोललं?"

"इंजिनिअर मॅडम आहेत इथल्या."

"बरोबर आहे बाई तुमचं. तीनशे तीस. फेऱ्याला तीस कमी. तेवढे मी मुद्दाम राखले. बाबा म्हणत होते, तुळईला काटकोनच घाल, मारायला सोपे पडतात. मी म्हटलं, उद्या कुणाला जाड वायर घालायची झाली तर?"

मॅडमनी पेन काढलं होतं आणि जवळ कागद नव्हता म्हणून त्या तळहातावर लिहीत होत्या. काटकोन, तीस, तीस, काटकोन, काटकोन. लिहून झाल्यावर त्यांनी वर, भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या आतलं आता त्यांना दिसत होतं. "चाळीस वर्षं आधी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "वायर अजून बनायची होती."

"आणि ओढू नका," फोनमधून आवाज आला. "मी येते."

"ताई, तुझे गुडघे..."

"वायर गुडघ्यांनी सोडायची नसते." आणि फोन बंद झाला.

ती येईपर्यंतचा अर्धा तास मिस्त्रीला फार लांब गेला. मॅडमना सांगणं एक होतं. सावकाश आता नुसता त्याच्याकडे बघून मान हलवत होता, आणि त्यातून काय घ्यायचं ते कळत नव्हतं. पण ताईला काही माहीत नव्हतं. आपल्या मागे आपलं काम भावाने स्वतःच्या अंगावर घालून मिरवलं, हे तिला कळेल ते आता कळेल. तो फिश जिन्याकडून सारायला लागला. तिचं टोक मागे मुडपून गोल केलं, म्हणजे ती कुठे टोचून अडणार नाही. पहिला काटकोन. तुळई, तिथे ती जराशी झुकली आणि सुटली. कोपरा. आणि मग ती अशी धावत गेली की हातातलं रीळ फिरायला लागलं. खोलीतून मोठ्या सिस्टरचा आवाज आला, "आलं हो तुमचं काहीतरी! डब्यातून बाहेर डोकावतंय!" सावकाशने टाळी वाजवली. मिस्त्रीला हसू आलं नाही. ताईच्या शब्दावर सारलेली पट्टी ताईच्या हातासारखी गेली होती.

ताई जिना एकेक पायरी दोन्ही पायांनी चढत आली. पायात पांढरे कापडी बूट, हातात पिशवी. कुणी धरायला गेलं तर तिने पिशवी त्याच्याकडे दिली आणि हात दिला नाही. वर आल्यावर ती उघड्या पाईपखाली उभी राहिली, मान मागे टाकून, आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मिस्त्रीला ते उभं राहणं ओळखीचं वाटलं.

"तुळईचा दुसरा बाक दोन अंश जास्त आहे," ती शेवटी म्हणाली. "गिलाव्यात झाकलाय म्हणून दिसत नाही तुम्हाला. बाबा म्हणाले, चालेल. मला अजून खटकतं."

सावकाश मोठ्याने हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला नुसतं राहवत नव्हतं. "ताई, तुम्ही दोन अंशांना रडताय, आणि आमचे मिस्त्री बावीस वर्षं आम्हाला सांगतायत, हे सगळं मीच केलं म्हणून!"

झालं. मिस्त्रीने शिडीचा दांडा धरला. ताईने वळून आधी सावकाशकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भिंतीकडे बघते तसं ती बघत होती, आत कुठून कुठे काय गेलंय ते मोजत.

"मग?" ती सावकाशला म्हणाली. "खोटं काय सांगितलं? पाईप वाकवणाऱ्याचं सगळ्यांना दिसतं. समोरून धरणारा हलला की संपलं, सगळा पाईप लंगडा. या भिंतीला हा तीन दिवस धरून उभा होता. तसूभर हलला नाही. विचारा त्याला."

कुणी विचारलं नाही. मॅडमनी मिस्त्रीकडे बघितलं, परत त्याच आदराने, आणि हे सकाळपेक्षा वाईट होतं. तीन दिवस. ती आकडाही विसरली नव्हती.

"आता उभे काय राहिलात?" ताई म्हणाली. "आणा वायरी."

मग ती कामाला लागली आणि जिन्याजवळची ती अरुंद जागा तिची झाली. पट्टीच्या मागच्या टोकाला चारही वायरींची टोकं तिने एका ठिकाणी बांधली नाहीत; एक पुढे, दुसरी बोटभर मागे, तिसरी आणखी मागे, अशी पायऱ्यांसारखी लावली आणि त्यांच्यावर चिकटपट्टी अशी गुंडाळली की पुढे निमुळतं होत गेलेलं एक गुळगुळीत डोकं तयार झालं. पिशवीतून शंखजिऱ्याच्या पुडीचा डबा काढला, वायरी सुळकन सरकाव्यात म्हणून. सावकाशला तिने कोपऱ्याखाली उभं केलं, निरोप पोचवायला. "आणि तू," ती मिस्त्रीला म्हणाली, "ओढायच्या बाजूला जा. जोर करणारा कुणीही चालतो असं लोकांना वाटतं. पण आपल्याला ओढून आणायची नाहीये. मी सोडेन, तू घे. मी सोडल्याशिवाय घ्यायची नाही."

"ताई," तो म्हणाला.

"जा."

बाळांच्या खोलीत ऊब होती आणि दुधाचा वास होता. आठ पाळणे भिंतीच्या कडेने ओळीत होते आणि त्यांतल्या एकातलं बाळ जागं होतं, छताकडे बघत. मिस्त्रीने पट्टीचं टोक हाताला गुंडाळलं आणि वाट बघितली. "सोडलं!" दुरून ताईचा आवाज आला. "सोडलं! सावकाश!" कोपऱ्यावरून सावकाश ओरडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा तो शब्द कामाचा होता. मिस्त्रीने घेतलं. हातभर आलं. थांबलं. "सोडलं!" पुन्हा हातभर. त्याला आता ती वायर हातातून ऐकू येत होती. पहिला काटकोन त्याला कळला, डोकं बाकाच्या पोटाला घासून वर सरकलं. मग तुळई, तिथे वायर एकदा खाली गेली आणि एकदा सरळ झाली, पाणी पायरी उतरतं तशी, आणि त्या दुसऱ्या वळणावर, जिथे दोन अंश जास्त होते, तिथे तिने केसाएवढी कुरकुर केली. ताई खरं बोलली होती. मग कोपरा. पलीकडे ताई वायरींना पूड लावत होती, पीळ पडू नये म्हणून चारही बोटांतून वेगवेगळ्या सोडत होती, हे त्याला दिसत नव्हतं. पण वायर ज्या तऱ्हेने येत होती, एकसारखी, न दचकता, त्यावरून ते दिसल्यासारखंच होतं. ज्या भिंतीच्या नावावर त्याने बावीस वर्षं खाल्लं ती भिंत आज पहिल्यांदा त्याच्या हाताला लागत होती. त्याला वाटलं, असं काम माणूस एकदाच करतं आणि मग भिंत बंद करतं, आणि आत ते तसंच बरोबर राहतं, कुणी बघो न बघो. आपल्याला ते कधी जमलं नसतं. या विचाराने त्याला लाज वाटायला हवी होती, पण वाटला तो आनंदच. असं कुणीतरी आपल्याच घरात जन्मलं, याचा आनंद.

"तुमच्या ताई भारी आहेत हं," मोठ्या सिस्टर पाळणा सारखा करत म्हणाल्या. "आणि तुम्ही पण. तीन दिवस धरून उभं राहायचं म्हणजे काय!"

"सिस्टर," मिस्त्री म्हणाला. हातभर वायर आली, त्याने ती घेतली. "ती खोटं बोलली. मी तेव्हा इथे नव्हतोच. पळून मॅच बघायला गेलो होतो."

सिस्टरनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. "ते तुमचं घरचं झालं," त्या म्हणाल्या. "पाळणे चालू कधी होतील, ते सांगा."

"संध्याकाळपर्यंत."

"मग बास."

वायरींचं डोकं डब्यातून बाहेर आलं तेव्हा त्यावर पांढरी पूड होती आणि चिकटपट्टीला एक ओरखडा नव्हता. त्याने ते ओंजळीत धरलं. पलीकडून सावकाश ओरडत होता, निघाली का, निघाली का, आणि मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की घणवाल्यांनी येऊ नये. मिस्त्रीने 'निघाली' म्हणून सांगितलं आणि वायरी मोकळ्या करू लागला, तर डब्यात काहीतरी फुंकरल्यासारखं वाजलं. डब्यात शेजारी, जिन्याच्या पेटीपासूनच आलेला आणखी एक पाईप उतरत होता, अर्ध्या इंचाचा, पूर्वी ज्यात घंटीच्या बारीक तारा होत्या तो. घंट्या काढून टाकल्यापासून तो रिकामा पडला होता. फुंकर पुन्हा आली आणि तिच्याबरोबर थोडी धूळ. मिस्त्री वाकला आणि त्याने कान पाईपच्या तोंडाला लावला.

"ऐकू येतंय का रे?" ताई पलीकडून हळू बोलत होती. पस्तीस फूट लोखंडातून आलेला तो आवाज बारीक झाला होता, तरुण झाला होता. शेजारी उभं असलेल्यालाही तो ऐकू गेला नसता.

"येतंय," तो पाईपमध्ये म्हणाला.

"खोटारड्या," ताई म्हणाली.

मिस्त्रीने तोंड पाईपला लावलं, धूळ ओठांना लागली.

"तू पण," तो म्हणाला, आणि पटकन पुन्हा कान लावून उभा राहिला.